समक्ष पाहून खात्री केली

गल्लीत त्यांना सगळे अर्जबुवा म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ वळली की लगेच. पोस्टमन म्हणायचा, कोपऱ्यावरचा शिंपी म्हणायचा, आणि पालिकेच्या आवक खिडकीवरची कारकून बाई तर त्यांना लांबून येताना पाहूनच शिक्का शाईत बुडवून ठेवायची. रस्त्यावरचा दिवा बंद पडला की अर्ज. नळाला गढूळ पाणी आलं की अर्ज. बसथांब्याचं छप्पर वाऱ्याने उडालं तेव्हा तर तीन प्रती: एक पालिकेला, एक बस खात्याला, एक स्वतःच्या फायलीला. लोक हसायचे. हसू देत. त्या थांब्यावर आज जे छप्पर आहे, ते हसणाऱ्यांपैकी कोणी घातलेलं नाही.

माणूस वाईट नव्हता, पण सरळपणाचा त्यांना थोडा ताठा होता, हे कबूल करायला हवं. एकतीस वर्षं त्याच पालिकेत नोकरी केली, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत. बाळाचं नाव आणि आजोबांची शेवटची तारीख एकाच टेबलावरून जायची. त्या एकतीस वर्षांत एकाही दाखल्यात चूक नाही, कोणाचा चहासुद्धा घेतलेला नाही, आणि ‘उद्या या’ हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेले नाहीत. निवृत्त झाले आणि खिडकीच्या या बाजूला येऊन उभे राहिले, तेव्हा पालिका बाहेरून कशी दिसते ते त्यांना कळलं. तेव्हापासून अर्ज सुरू झाले.

उणं एकच होतं. अक्षर. एवढा काटेकोर माणूस, पण लिहायला बसला की कोंबडीने अंगण उकरल्यासारखं दिसायचं. कचेरीत टायपिस्ट होता म्हणून निभावलं. घरी मात्र सगळं लिहिणं बायकोकडे. काकूंचं अक्षर मोत्यासारखं. शाळेत असताना फळ्यावरचा सुविचार त्याच लिहायच्या, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्यांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या पाहून पाहुणे म्हणायचे, छापून घेतल्यात का. नोकरीच्या दिवसांत कचेरीतून घरी आणलेले कागद त्यांनीच भरले, आणि नंतर अर्जही त्यांनीच लिहिले. अर्जबुवा येरझाऱ्या घालत सांगायचे, काकू मांडीवर पॅड घेऊन लिहायच्या, मधेच म्हणायच्या, ‘‘अहो, ‘निर्लज्जपणे’ काढू का? त्याशिवायही कळतंय त्यांना.’’ मग ‘निर्लज्जपणे’ निघायचं. पालिकेत ते अक्षर न ओळखणारा माणूस उरला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी दोघं चार महिने परदेशी गेले. लेक तिकडे नोकरीला, जावई तिकडचाच झालेला. तिच्या घराजवळच्या स्टेशनला उतरायला एक रुंद जिना होता. एके सकाळी लेकीबरोबर फिरायला गेले तर त्या जिन्यावर एक बाई दिसली. डोक्याला पिवळं हेल्मेट, हातात लहानशी हातोडी. प्रत्येक पायरीवर ती दोनदा ठोकायची, कान तिरका करून ऐकायची आणि वहीत लिहायची. मग कठड्यापाशी गेली, दोन्ही हातांनी तो धरला आणि अंगातलं सगळं वजन त्याच्यावर टाकून लोंबकळली. एका खांबाला असं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. लोक बाजूने जात होते, कोणी वळूनही पाहत नव्हतं.

अर्जबुवा पाहतच राहिले. जिन्याच्या पायथ्याशी एक पाटी होती: जिन्याचा क्रमांक, तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचं नाव आणि फोन. त्यांनी लेकीला पुढे केलं. ‘‘विचार तिला, हा उद्या तुटला तर?’’

लेकीने विचारलं. बाई हसली आणि पाटीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

‘‘म्हणते, माझं नाव आहेच की तिथे.’’

‘‘आणि हे विचार गं,’’ काकू म्हणाल्या, ‘‘दिवसाला असे किती करते?’’

‘‘सहा. पाऊस असला तर चार.’’

काकूंनी मान हलवली आणि घरी पोचेपर्यंत त्या गप्पच होत्या. अर्जबुवांना वाटलं, गुडघे दुखत असतील.

त्या दिवसापासून त्यांना दुसरा विषय सुचेना. चहाला पाटी, जेवताना पाटी. लेक म्हणाली, ‘‘बाबा, इथेही सगळं सोन्याचं नाहीये. दाढ दुखत होती तर मी नऊ आठवडे नंबर लागायची वाट पाहिली. घराच्या कागदासाठी तीन ऑफिसं फिरले, प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठवत होता.’’ जावई म्हणाला, ‘‘त्यांना हे सांगू नकोस, ते इथेही अर्ज करतील.’’ त्यांनी केलाच. बागेतल्या बाकाची फळी निघाली होती, त्याबद्दल लेकीकडून चार ओळी लिहून घेतल्या. चौथ्या दिवशी उत्तर आलं, खाली माणसाचं पूर्ण नाव. ते पत्र त्यांनी लॅमिनेट करून आणलं आणि इथे आल्यावर ओळीने सगळ्यांना दाखवलं.

‘‘कामं आपल्याकडेही होतात,’’ ते शिंप्याला सांगायचे. ‘‘माणसंही आपल्याकडे कमी नाहीत. पण काम कोणाचं, ते कुठे लिहिलेलं नसतं. सगळीकडे ‘संबंधित विभाग’. मी एकतीस वर्षं त्या इमारतीत काढली, मला हा संबंधित विभाग कधी भेटला नाही.’’

शिंपी सुईत दोरा ओवत म्हणायचा, ‘‘खरं आहे बुवा.’’ त्याला गिऱ्हाईक होतं.

परत आल्याला सात महिने झाले आणि काकू पडल्या.

त्यांची वस्ती उंचावर होती. खालच्या रस्त्याला उतरायला चौसष्ट पायऱ्यांचा दगडी जिना, बाजूला लोखंडी कठडा. काकू वाचनालयाचं पुस्तक परत करायला निघाल्या होत्या. सकाळचे दहा वाजले होते, पायऱ्या कोरड्या, घाई कसलीच नाही. वळणावर त्यांनी आधाराला कठडा धरला आणि कठडा हातात आला. अकरा पायऱ्या खाली जाऊन त्या थांबल्या. खुबा मोडला. एक शस्त्रक्रिया झाली, ती बिघडली, मग दुसरी झाली. घरी आल्या त्या वॉकर घेऊन. जी बाई दिवसातून चार वेळा तो जिना चढायची-उतरायची, तिला आता खाटेपासून खिडकीपर्यंत जायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागायची.

दवाखान्यात, दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, अर्जबुवांनी काकूंचा हात धरला आणि म्हणाले, ‘‘हा जिना ज्याने तपासला, त्याचं नाव मी शोधून काढणार. आणि त्याला तुझ्यासमोर आणून उभा करणार.’’

काकू म्हणाल्या, ‘‘असू दे हो.’’

‘‘का असू दे? तुझा पाय गेलाय.’’

‘‘पाय कुठे गेलाय? आहे की. जरा वाकडा झालाय.’’

पण त्यांनी मनाशी गाठ मारली होती. जिन्याच्या पायथ्याचा खांब त्यांनी चाकूने खरवडला, रंगाचे चार थर काढले, तेव्हा खाली एक छोटी पट्टी निघाली: जिना क्र. ६१८. म्हणजे आपल्याकडेही नंबर होते, आपणच त्यांच्यावर रंग फासत आलो. ते पॅड घेऊन काकूंपाशी आले. ‘‘लिही. जिना क्रमांक सहाशे अठराची शेवटची तपासणी कोणी केली, त्याचं नाव आणि पत्रकाची प्रत मिळावी.’’

काकूंनी पॅड हातात घेतलं नाही. ‘‘हा अर्ज तेवढा माझ्याकडून लिहून घेऊ नका.’’

‘‘का?’’

‘‘नको वाटतं.’’

आपल्याच दुखण्याचा कागद आपल्याच हाताने लिहायला जड जात असेल, असं त्यांना वाटलं. ते टायपिंगच्या दुकानात गेले.

पहिलं उत्तर आलं: माहिती संबंधित विभागाकडे उपलब्ध असेल. दुसरं आलं: अभिलेख कक्षाची रंगरंगोटी चालू आहे. तिसरं आलं: कागद जीर्ण असल्याने प्रत काढणे शक्य नाही. तिन्ही उत्तरांखाली माहिती अधिकाऱ्याची सही होती, आणि हा माहिती अधिकारी म्हणजे त्यांच्याच खिडकीत, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस. त्याला रजिस्टर कसं आखायचं इथपासून त्यांनी शिकवलं होतं. त्याच्या लग्नात अर्जबुवा घरच्यासारखे राबले होते. तो टोलवाटोलवी करतोय म्हटल्यावर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी वर अपील केलं.

अपिलाच्या सुनावणीआधी तो त्यांना व्हरांड्यात भेटला. हळू आवाजात म्हणाला, ‘‘साहेब, माझं ऐका. हा एक अर्ज मागे घ्या. बाकी शंभर द्या, त्यांच्यामागे मी स्वतः धावतो.’’

‘‘कोणाला वाचवतोयस?’’

त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं.

‘‘बोल की. कोणाचा आहे तो? कोणाचा भाऊ, कोणाचा मेव्हणा? माझी बायको वर्षभर घरात बसून आहे, आणि तू मला अर्ज मागे घ्यायला सांगतोस? मी तुला काम शिकवलं होतं, लाज सोडायला नाही शिकवलं.’’

व्हरांडा भरलेला होता. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. माहिती अधिकाऱ्याने मान खाली घातली, म्हणाला, ‘‘ठीक आहे साहेब,’’ आणि आत निघून गेला. अर्जबुवा घरी आले तेव्हा त्यांना फार बरं वाटत होतं. त्यांनी काकूंना सगळं रंगवून सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘‘त्याला असं चारचौघांत बोलायला नको होतं.’’

अपील ऐकणारी बाई कडक होती. तिने दोन्ही बाजू ऐकल्या आणि पाच मिनिटांत निकाल दिला: आठ दिवसांत मूळ फाईल दाखवा.

सातव्या दिवशी अर्जबुवा अभिलेख कक्षात गेले. रंगरंगोटी वगैरे काही झालेली नव्हती, हे आधी नजरेत भरलं. माहिती अधिकाऱ्याने स्वतः फाईल काढून टेबलावर ठेवली, खुर्ची पुढे केली आणि दार लोटून घेतलं.

फाईल पातळ होती. अलीकडचं त्यात काहीच नव्हतं. गेल्या आठ वर्षांत त्या जिन्याबद्दल कोणी एक ओळ लिहिली नव्हती. मग एक पिवळं पत्रक. पायऱ्या: ठीक. कठडा: ठीक. सांधे: ठीक. निचरा: ठीक. दिवा: ठीक. खाली छापलेली ओळ, ‘समक्ष पाहून खात्री केली’, आणि तिच्याखाली सही.

सही त्यांनी नंतर पाहिली. आधी त्यांना दिसला तो ‘ठ’. गोल, वर आडवी रेघ लांब ओढलेली. तो ‘ठ’ त्यांच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर होता, मिठाच्या डब्यावर होता, तो ते रोज पाहत होते. सही त्यांची स्वतःची होती.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर अर्जबुवांवर अन्याय होईल. किंवा होऊ दे. पण सांगायला हवंच. बांधकाम विभागात जिने, पूल, भिंती तपासायला एकच म्हातारा निरीक्षक उरला होता. बाकीच्या जागा भरल्याच नव्हत्या. वर्षाअखेर वरच्या कचेरीची तपासणी आली की त्याची शेकडो पत्रकं कोरी असायची. मग वाटप व्हायचं. प्रत्येक विभागाला दोनदोनशे पत्रकांचा गठ्ठा. त्याला सगळे ‘मदतपत्रकं’ म्हणत. जिना किंवा पूल कुठला, ते पत्रकावर नसायचं, नुसता नंबर. गठ्ठा घरी न्यायचा, भरायचा, सही करायची, सोमवारी आणून द्यायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. उलट, एका सहकाऱ्याची नोकरी वाचवायला सगळी कचेरी धावून येते, याचा अभिमानच होता. गठ्ठा घ्यायला नाही म्हणणारा माणूस शिष्ट ठरायचा. अर्जबुवांनी कोणाचा चहा घेतला नाही, पण गठ्ठा दरवर्षी घेतला. आणि रविवारी दुपारी काकू खिडकीपाशी बसून तो भरून टाकायच्या, कारण अर्जबुवांचं अक्षर वरच्या कचेरीला वाचता आलं नसतं. दोनशे पत्रकं, हजार वेळा ‘ठीक’. चहाच्या वेळेपर्यंत काम संपायचं.

त्यांनी पत्रक उलटलं. खाली आदल्या वर्षीचं होतं, त्या म्हाताऱ्या निरीक्षकाच्या हातचं, पेन्सिलने लिहिलेलं. त्या वर्षी तो खरंच जिन्यावर गेला होता. ‘कठडा: वळणावर तिसरा ते पाचवा खांब, बुडाशी गंज. बदलणे.’ शेजारी लाल शिक्का: दुरुस्ती यादीत घेतले. आणि त्या शिक्क्यावर पुढच्या वर्षीच्या तारखेने मारलेली निळी रेघ: ‘ताज्या तपासणीत ठीक. यादीतून वगळले.’

त्यांच्या एका सहीने कठडा नुसता तपासायचा राहिला नव्हता, होऊ घातलेली दुरुस्ती रद्द झाली होती.

‘‘पहिल्या अर्जालाच फाईल काढली होती मी,’’ माहिती अधिकारी म्हणाला. ‘‘काकूंचं अक्षर लगेच ओळखलं.’’

‘‘आणि मी तुला व्हरांड्यात...’’

‘‘जाऊ द्या ते. साहेब, सही पुसट आहे. ‘सही वाचता येत नाही, अर्जदाराचे समाधान झाले’ असा कागद मी केलाय. तुम्ही खाली सही करा, मी फाईल आत ठेवतो. गठ्ठे सगळ्यांनीच भरलेत. मीसुद्धा भरलेत.’’

अर्जबुवांनी तो कागद घेतला, पत्रकाच्या प्रती घेतल्या आणि पिशवीत घातल्या. सही केली नाही. नाहीही म्हणाले नाहीत.

घरी काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. अर्जबुवा आत आले, पायातल्या चपला न काढता त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

‘‘उभे का? बसा की.’’

‘‘बसत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मी तुला कबूल केलं होतं. ज्याने जिना तपासला, त्याला तुझ्यासमोर आणून उभा करीन.’’ आणि त्यांनी पत्रकाची प्रत काकूंच्या मांडीवर ठेवली.

काकूंनी चष्मा लावला. पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पेन्सिलचं पत्रकही वाचलं. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

‘‘अक्षर माझं आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग मला कोणासमोर उभं करणार? मला तर उभंही राहता येत नाही धड.’’

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘खात्री नव्हती. पडले होते ना तिथे, लोक जमले, आणि कोणीतरी म्हणालं, हे कोणी तपासतं की नाही. तेव्हा मनात आलं, आपणही तपासायचो. आणि त्याच्या आधीही एकदा आलं होतं. ती हातोडीवाली बाई सहा म्हणाली, तेव्हा.’’

‘‘मग बोलली का नाहीस? वर्षभर मी लोकांच्या अंगावर जात होतो.’’

‘‘तुम्ही साऱ्या गावासाठी भांडलात. दिव्यासाठी, नळासाठी, बसथांब्यासाठी. माझ्यासाठी भांडताना पहिल्यांदाच पाहिलं. ते मला हवंसं वाटत होतं. चुकलंच माझं.’’

तेव्हा अर्जबुवा खाटेच्या कडेवर बसले आणि रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं. पाठीवरून हात फिरवायला त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून त्यांनी वॉकर पुढे ढकलला आणि त्याच्यावरून हात लांब करून त्यांचं मनगट धरलं.

मग अर्जबुवांनी पिशवीतला दुसरा कागद दाखवला. काकूंनी तो वाचला. ‘‘तुमच्या मनात काय आहे?’’

‘‘भीती आहे. एकतीस वर्षं लोक म्हणत आले, माणूस सरळ. आता हसतील.’’

‘‘हसू देत. पॅड आणा.’’

वर्षभराने काकूंनी पॅड मांडीवर घेतलं. अर्जबुवा या वेळी येरझाऱ्या न घालता बसूनच सांगत होते. ‘‘जिना क्रमांक सहाशे अठराची तपासणी मी केलेली नाही. मी तो जिना तपासण्यासाठी कधीही पाहिला नाही. पत्रकाखालची सही माझी आहे आणि ती खोटी आहे. तिच्यामुळे कठड्याची दुरुस्ती रद्द झाली. अशी पत्रकं अनेक वर्षं अनेकांनी भरली, त्या सगळ्या जिन्यांची, पुलांची नव्याने तपासणी व्हावी, आणि प्रत्येकावर तपासणाऱ्याचं नाव लागावं.’’

‘‘पुढे?’’

‘‘संपलं.’’

‘‘संपलं कसं?’’ काकूंनी लिहिणं चालू ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, ‘‘सदर पत्रकातील शेरे मी लिहिले आहेत. नात्याने पत्नी.’’ आणि खाली पूर्ण नाव घातलं.

‘‘तुझं नाव कशाला? तू कुठे नोकरीला होतीस?’’

‘‘हात माझा होता,’’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अर्जबुवा व्हरांड्यात गेले. रांग होतीच. माहिती अधिकारी बाहेर आला तेव्हा, ज्या आवाजात त्याला बोलले होते त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, ‘‘त्या दिवशी मी तुझा अपमान केला. तू मला वाचवत होतास. मी माफी मागतो.’’ त्याने अर्ज हातात घेतला, वाचला, दोनदा विचारलं, ‘‘नक्की ना साहेब?’’ मग स्वतःच आवक खिडकीवर नेऊन त्याच्यावर शिक्का मारून आणला.

अपिलाच्या बाईने तो वाचून चौकशी लावली. चौकशीत काय निघेल, कोणाकोणाची नावं येतील, अर्जबुवांवर काय ठपका बसेल, हे सगळं अजून व्हायचंय. गल्लीत मात्र बातमी त्याच दिवशी पोचली. शिंपी दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, ‘‘बसा बुवा.’’ जुन्या सहकाऱ्यांपैकी तिघांनी फोन करून शिव्या घातल्या. एकाने विचारलं, ‘‘मलाही असा अर्ज द्यायचा असेल तर वहिनी लिहून देतील का?’’

अर्जबुवांनी माहिती अधिकाऱ्याकडून दोन गोष्टी मागून घेतल्या: त्या वर्षी त्यांच्या नावावर दिलेल्या गठ्ठ्यातल्या दोनशे नंबरांची यादी, प्रत्येकाच्या जागेसकट, आणि कोरी पत्रकं. ‘‘तुम्हाला तपासणीचा अधिकार नाही साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘माहीत आहे. तेव्हाही नव्हता,’’ ते म्हणाले. ‘‘या वेळी अर्जाला जोडून देईन.’’

आठवड्याने एका सकाळी गाडी करून ते काकूंना खालच्या रस्त्याला घेऊन गेले. जिन्याच्या पायथ्याशी घडीची खुर्ची मांडली, काकूंना बसवलं, वॉकर शेजारी ठेवला. पडल्यापासून त्या इथे पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी वर वळणाकडे एकदा पाहिलं, मग पॅड मांडीवर घेतलं.

अर्जबुवांकडे घरचीच हातोडी होती, खिळे ठोकायची. पहिल्या पायरीवर त्यांनी दोनदा ठोकलं, कान तिरका केला. काय ऐकायचं असतं ते त्यांना नीटसं माहीत नव्हतं. पण सातव्या पायरीचा आवाज वेगळा आला, पोकळ, आणि तो त्यांना कळला. ‘‘सात, पोकळ,’’ त्यांनी खाली ओरडून सांगितलं. काकूंनी लिहिलं. कठड्याच्या प्रत्येक खांबाला दोन्ही हातांनी धरून त्यांनी आपलं वजन टाकलं. वयाची सत्तरी जवळ आलेला माणूस भर सकाळी जिन्याला लोंबकळतोय, हे पाहून जाणारे-येणारे थांबत होते. वळणावर तुटलेल्या जागी पालिकेने दोरी बांधून ठेवली होती. तिथे ते थोडा वेळ थांबले, वाकून खांबाच्या बुडाला हात लावला. हाताला गंज लागला. तिसरा, चौथा, पाचवा.

वर जाऊन खाली आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली.

‘‘किती वेळ लागला?’’ त्यांनी विचारलं.

अर्जबुवांनी घड्याळ पाहिलं. ‘‘बेचाळीस मिनिटं.’’

काकूंनी मान हलवली. शेऱ्याच्या चौकटीत त्यांनी ‘ठीक नाही’ लिहिलं आणि पत्रकाच्या तळाची छापील ओळ बोट ठेवून हळूहळू वाचली. मग पॅड त्यांच्यापुढे धरलं. अर्जबुवांनी हाताला लागलेला गंज सदऱ्याला पुसला आणि सही केली, अगदी सावकाश, वाचता येईल अशी. काकूंनी फुंकर घालून शाई वाळवली, पत्रक पॅडच्या मागे सरकवलं आणि यादीतला पुढचा नंबर वाचला.